सांगलीतले आठ, अजमानमधले साडेसहा

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी एक वाहिनी सकाळी दोन तास सलग कार्यक्रम दाखवत असे. वाहिनीने त्या दोन तासांना काहीतरी इंग्रजी नाव दिले होते. आमच्या घरात ते नाव कधी कोणी घेतले नाही. आम्ही त्याला नुसते 'सकाळचं' म्हणत असू. 'सकाळचं लागलं का?', 'सकाळचं संपलं, यल्ला, चल, बूट घाल' अशी वाक्ये आमच्या अमिरातीतल्या, अजमानच्या घरात काही वर्षे रोज उच्चारली गेली. आता ते दोन तास बंद झाले आहेत आणि ज्यांच्यासाठी मी ते इतक्या निष्ठेने लावत होते, ते माझे वडीलही राहिले नाहीत. म्हणून हे सारे एकदा क्रमाने लिहून ठेवावे असे वाटते.

मी बालवर्गाची शिक्षिका आहे. आमच्या शाळेत केरळची, पंजाबची, पाकिस्तानची, इजिप्तची मुले येतात आणि वर्गाची भाषा इंग्रजी असते. माझ्या मुलीचा दिवसाचा मोठा भाग अशाच वर्गात जाई. मराठी तिला कळे, पण उत्तर इंग्रजीत येई. यात नवल काही नाही. इथल्या बहुतेक मराठी घरांत हेच चालते. आईवडील एका भाषेत विचारतात आणि मुले दुसऱ्या भाषेत उत्तर देतात, आणि संसार बिनतक्रार चालू राहतो. अडचण होती ती अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते सांगलीत प्राथमिक शिक्षक होते आणि निवृत्तीनंतर तिथेच एका लहानशा फ्लॅटमध्ये एकटे राहत. आई माझ्या मुलीच्या जन्माआधीच गेली होती. अण्णा इंग्रजी वाचू शकत, पण कानावर भराभर पडलेली इंग्रजी त्यांना उमगत नसे. ही त्यांची एकुलती एक नात. तिच्याशी आपल्याला बोलता यावे एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी एकदाच, तीही फार साध्या शब्दांत बोलून दाखवली होती.

"मला तिचं कौतुक दुसऱ्याकडून ऐकायला नको," ते म्हणाले होते. "तिनं मला सांगावं."

'सकाळचं' मला सापडले ते याच शोधात. इथल्या भारतीय वाहिन्यांच्या संचात ती वाहिनी होती आणि रिमोटवरचे भाषेचे बटण दाबले की ते दोन तास मराठीतून ऐकू येत. भारतात ते आठ ते दहा लागत. इथले घड्याळ दीड तास मागे, म्हणून आमच्याकडे साडेसहाला सुरू होत. प्रसारण मात्र एकच होते. सांगलीत आणि अजमानमध्ये एकाच क्षणी तेच चित्र पडद्यावर येई.

अण्णांकडे तोवर दूरदर्शन संच नव्हता. तो घरात असू नये असे त्यांचे ठाम मत होते आणि नोकरीच्या काळात ते मत त्यांनी पालकसभांत अनेकदा मांडले होते. मी फोनवर त्यांना या कार्यक्रमाविषयी सांगितले तेव्हा त्यांनी फक्त "मराठीत आहे का?" एवढेच विचारले. पुढच्या आठवड्यात भिंतीवर संच लागला.

त्या दोन तासांची रचना मला शिक्षिका म्हणून फार आवडे. आरंभी एक ताई एका सतरंजीवर बसलेली दिसे. तिच्यापुढे दोनच वस्तू असत, कधी वाटी आणि चमचा, कधी छत्री आणि काठी. ती त्यांच्याविषयी एखादा प्रश्न विचारी आणि मग थांबे. हे थांबणे महत्त्वाचे. लहान मुलाला प्रश्न ऐकायला, समजून घ्यायला, शब्द शोधायला आणि तो जिभेवर आणायला वेळ लागतो. आम्ही नव्या शिक्षिकांना हेच प्रथम शिकवतो: विचारलेत ना, आता गप्प बसा. ती ताई गप्प बसे, पडद्यातून बघत राही, आणि मग जणू उत्तर ऐकू आल्यासारखी मान डोलवी. त्यानंतर चित्रकथा येत. एक पार्सले पोचवणारी गोगलगाय होती, ती प्रत्येक घरी उशिरा पोचे आणि उशिराचे कारण सांगे. शेवटी गाणी आणि उड्या.

शाळेची बस सव्वासातला येई, त्यामुळे रोज पहिला अर्धा तासच मिळे. तो संपला की अण्णांचा फोन. नेहमीचे इंटरनेटवरचे फोन इथे चालत नाहीत; परवानगी असलेल्या एका ॲपवर आम्ही बोलत असू आणि त्यात आवाज जरा उशिरा पोचे. केसांना एका बाजूला रबर लावलेली माझी मुलगी टोस्ट खात उभ्या उभ्या बोले.

"चिमणे, गोगलगायीला आज उशीर का झाला?"

"पाऊस. आणि... आणि तिचं शूज चिखलात."

"बूट अडकला का?"

"हो. बूट. स्टक झाला."

"अडकला."

"अडकला! आजोबा, तिला किती पाय? एकच ना? मग एकच बूट!"

अण्णा इतके हसले की पलीकडून फोन पडल्याचा आवाज आला. हा संवाद मी बूट शोधत असताना ऐकला होता.

दीड तासाच्या फरकाची एक गंमत होती. तिला समजून चुकले होते की आजोबांकडे आठ वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडे साडेसहाच असतात. त्यावरून तिने असा निष्कर्ष काढला की आजोबांनी आजचा भाग आधीच पाहिलेला आहे. मधल्या विश्रांतीत त्यांचा फोन आला की ती ओरडे, "आजोबा, डोन्ट टेल! पुढचं सांगू नकोस हां!" अण्णा आयुष्यभर सत्य सांगत आलेले. त्यांनी फोनसमोर लिंबू धरले, टॉर्च लावली आणि पृथ्वी कशी फिरते ते तिला नीट समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण तू सांगणार नाहीस ना?"

"नाही सांगणार," अण्णा म्हणाले. लिंबू त्यांनी खाली ठेवले.

खरा दिवस शुक्रवार. तेव्हा इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असे आणि वाहिनी हे दोन तास सोमवार ते शुक्रवार दाखवी. त्यामुळे आठवड्यातून एकच दिवस असा उजाडे की सकाळी बस नाही, घाई नाही आणि 'सकाळचं' पूर्ण पाहता येई. माझा नवरा शेजारच्या उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागात एका कारखान्यात अभियंता आहे. इतर दिवशी तो भल्या पहाटे निघून जाई, शुक्रवारी मात्र तोही चहाचा कप घेऊन सतरंजीवर बसे. फोन टीव्हीच्या शेजारी उभा करून ठेवलेला, त्यात सांगलीतले अण्णा, त्यांच्या मागे त्यांचा टीव्ही, आणि त्यात तीच ताई. ताईने प्रश्न विचारला की दोन्ही घरांतून उत्तर जाई.

"अण्णा," नवरा एकदा म्हणाला, "तुम्हाला इथल्या बालवर्गात ॲडमिशन घेऊन देऊ का?"

"घ्या की," अण्णा म्हणाले. "पहिला नंबर माझाच. वर्गात वेळेवर येणारा मी एकटा."

रमजानात शाळा उशिरा भरते. त्या महिन्यात रोज तासभर मिळे. माझी मुलगी रमजानची वाट बघे ती त्यासाठी, आणि तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला याचे फार आश्चर्य वाटे.

मग महासाथ आली. शाळा घरातून भरू लागली आणि विमाने थांबली. त्या उन्हाळ्यात आम्ही सांगलीला जाऊ शकलो नाही. वाहिनीचे चित्रीकरणही थांबले असावे, कारण जुनेच भाग पुन्हा पुन्हा दाखवू लागले. ते दोघे ते भाग तोंडपाठ म्हणत. माझ्या मुलीचे मराठी सर्वांत चांगले कधी होते असे मला कोणी विचारले, तर मी त्या बंद घरातल्या महिन्यांकडे बोट दाखवीन. पूर्ण वाक्ये, क्रियापदे जागच्या जागी. अण्णा मला वेगळा फोन करून सांगत, "आज तिनं 'त्यामुळे' वापरलं."

महासाथ ओसरल्यावर नवे भाग आले आणि त्यांत ताई नव्हती. तिच्या जागी एक रंगीत पोपट होता, संगणकावर काढलेला. तोही प्रश्न विचारी. पण प्रश्न संपताच उत्तर स्वतःच देई आणि पुढे जाई. पहिल्या दिवशी माझी मुलगी तोंड उघडून तशीच राहिली; तिचा शब्द यायच्या आत पोपट गाऊ लागला होता. त्या दिवशी अण्णांनी आधी मला फोन केला.

"पाहिलंस का?"

"पाहिलं."

"उत्तराला जागाच ठेवली नाही," ते म्हणाले. "मग विचारायचं कशाला?"

मी त्यांना म्हटले की हल्ली मुले फार वेळ थांबत नाहीत, म्हणून वेग वाढवतात. ते काही बोलले नाहीत. ॲपवरचा आवाज उशिरा पोचतो म्हणून मी वाट पाहिली; पण ते खरेच काही बोललेले नव्हते.

त्यानंतर इथल्या प्रसारणातून मराठी गेले. रिमोटवरचे बटण दाबले की इंग्रजी आणि हिंदी एवढेच येई. सांगलीत मात्र मराठी चालू होते. आता दोघे तीच चित्रे पाहत आणि वेगवेगळे शब्द ऐकत. अण्णा 'टपाल', 'पोचपावती', 'वळण' असे शब्द घेऊन फोनवर येत, आणि नात पडद्यावरच्या त्याच गोष्टींना तिला ऐकू आलेल्या नावांनी ओळखे. सुरुवातीला ती दोन्ही जोडायचा प्रयत्न करी. पुढे पुढे म्हणू लागली, "हां, तेच. सेम थिंग."

आणि मग सुट्टीचा दिवस बदलला. देशभर शनिवार-रविवार सुट्टी झाली आणि शुक्रवारी अर्धा दिवस शाळा भरू लागली. इथल्या बहुतेकांनी या बदलाचे स्वागत केले. भारतातल्या घरच्यांशी आता एकाच दिवशी निवांत बोलता येईल असे सारे म्हणत होते. आमच्याकडे मात्र याचा अर्थ एवढाच झाला की शुक्रवारची ती सकाळ गेली. शनिवारी आणि रविवारी वाहिनी मोठ्या मुलांचे काही दाखवी. अण्णांनी एका शनिवारी ते लावून पाहिले आणि लगेच बंद केले. "मारामारी आहे," म्हणाले.

तोवर ती सात वर्षांची झाली होती. हेही लिहिले पाहिजे. पोपट नसता, मराठी गेले नसते, शुक्रवार राहिला असता, तरी ती सात वर्षांची झालीच असती. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बनवलेली गोष्ट सातव्या वर्षी सुटते, सुटायलाच हवी. वर्गात मी दरवर्षी असे मूल पुढच्या वर्गात पाठवते आणि त्याने मागे वळून पाहू नये अशीच माझी इच्छा असते.

"आजोबा," ती एका सकाळी म्हणाली, "आय डोन्ट वॉच दॅट एनीमोअर. ते बेबीजसाठी आहे."

"हो का?" अण्णा म्हणाले. "बरोबर आहे. मोठी झालीस. मग आता काय बघतेस?"

तिने नाव सांगितले. अण्णांनी ते पुन्हा विचारले. तिने पुन्हा सांगितले, जरा भरभर. "बरं बरं," ते म्हणाले. त्यांनी ते शोधायचा प्रयत्न केल्याचे मला शेजारच्या काकूंकडून नंतर कळले. काकूंच्या मुलाला अण्णांनी घरी बोलावून ते लावायला सांगितले होते. इंग्रजीत, एका खेळाविषयी, कोणीतरी अखंड बोलत होते. अण्णा वीस-एक मिनिटे समोर बसले आणि मग म्हणाले, "राहू दे."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्यांनी 'सकाळचं'च लावले. साडेसातला त्यांचा चहा झालेला असे, आठला ते खुर्चीत असत. मुलगी बघत नव्हती तरी ते बघत राहिले आणि फोनवर तिला गोष्ट सांगत राहिले: आज गोगलगायीने पार्सल चुकीच्या घरी दिले, आज तिला बोगदा लागला. ती सभ्य मुलगी आहे. दप्तर भरता भरता "ओके आजोबा", "नाइस" म्हणे. मधूनच माझ्याकडे बघून भुवया उडवी. मी तिला डोळ्यांनी दटावी.

दरवर्षी जुलैत आम्ही सांगलीला जात असू. पहिल्या दिवशी अण्णा तिच्यासाठी काय काय आणून ठेवत. मग दोघे समोरासमोर बसत. ते काही विचारत, ती इंग्रजीत उत्तर देई, आणि खोलीत कोणी शेजारी असला तर अण्णा कानकोंडे होऊन माझ्याकडे पाहत. मी अर्थ सांगे. ज्या माणसाने हयात लहान मुलांना बोलते करण्यात घालवली, तो आपल्या नातीपुढे वर्गात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यासारखा दिसे. आठ वाजले की ते टीव्ही लावत. तीही मुकाट्याने येऊन शेजारी बसे. दोघांच्याही चेहऱ्यावर एक सुटकेचा भाव उमटे, तो मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला आहे. आता काही वेळ काही विचारायला नको होते.

बंद होण्याआधी आठवडाभर पडद्याखाली एक पट्टी फिरत होती, हे सगळे आता वाहिनीच्या ॲपवर मिळेल अशी. मला ते ठाऊक नव्हते. अण्णांनी कळवले.

"बंद करताहेत," ते म्हणाले.

"आता कोण पाहतं अण्णा ते?"

"मी पाहतो."

मी काही म्हणायच्या आत त्यांनीच विषय बदलला आणि माझ्या नवऱ्याच्या पाठदुखीची चौकशी केली.

त्यानंतर काही दिवस त्यांचा फोन ठरल्या वेळी आला.

"तिकडे ऊन कसं आहे?"

"हॉट."

"इथं पाऊस लागलाय."

"ओके. ... बाय आजोबा, बस आली."

बस आलेली नसे. मग फोन रविवारवर गेला. रविवारी ते माझ्याशी बराच वेळ बोलत आणि शेवटी "चिमणीला दे" म्हणत. ती येई, हात हलवी, ते हात हलवत.

या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच ते गेले. दोन दिवस ताप आला होता. शेजारच्या काकू सकाळी दूध घेऊन गेल्या तेव्हा ते उठले नाहीत. आम्ही दुबईहून मिळाले त्या विमानाने निघालो.

तेराव्याला अण्णांचे काही जुने विद्यार्थी आले होते. आता त्यांचेही केस पिकलेले. जेवणे झाल्यावर ते बैठकीत बसून आठवणी सांगत होते. माझी मुलगी, आता अकरा वर्षांची, माझ्या शेजारी बसून ऐकत होती. त्यांच्यापैकी एकाने तिला जवळ बोलावले आणि कौतुकाने विचारले, "काय ग, आजोबांची कोणती आठवण आहे तुझ्याकडे?"

तिने वाक्य मनात जुळवले. मला ते तिच्या ओठांवरून दिसले. मग मराठीत म्हणाली, "आजोबांना कार्टून खूप आवडायचे."

ते गृहस्थ मोठ्याने हसले. "कार्टून? गुरुजींना? अगं, आमच्या घरी टीव्ही आला त्या दिवशी गुरुजींनी भर वर्गात विचारलं होतं, 'काय रे, अभ्यासाला कोणत्या खोलीत जागा दिली आता?' " बाकीचेही हसले. एक जण म्हणाला, "माझ्या वडिलांना शाळेत बोलावून घेतलं होतं!" हसण्यात वाईट काही नव्हते. माझी मुलगीही त्यांच्याबरोबर हसली, पण तिचे कान लाल झाले होते. थोड्या वेळाने ती उठून मागच्या गॅलरीत गेली. मी तिच्या मागोमाग गेले.

"ते खरं आहे?" तिने विचारले. "ही डिडन्ट लाइक इट?"

मी खोटे सांगू शकले असते. "नव्हतं आवडत," मी म्हणाले. "टीव्ही त्यांनी तुझ्यासाठी घेतला. तुझ्याशी बोलायला काहीतरी हवं म्हणून."

"पण मी बंद केल्यावर पण ते बघत होते."

"हो."

"एकटेच?"

"हो."

ती खाली बघत राहिली. खाली सोसायटीच्या नळावर कोणी मोठी पातेली विसळत होते. मग ती म्हणाली, आणि हे वाक्य तिने इंग्रजीतच म्हटले, की मला माहीत असते तर मी त्यांच्याशी दुसरे काहीतरी बोलले असते.

"कशाविषयी?" मी विचारले.

तिने तोंड उघडले. "आय डोन्ट नो," ती म्हणाली. "मला त्यांच्याबद्दल काही माहीतच नाही. त्यांना काय आवडायचं? रिअली?"

त्याचे उत्तर मला ठाऊक होते आणि अण्णांच्या घरात ते सांगायला आता मीच उरले होते. मी गॅलरीतल्या पायरीवर बसले आणि तिला सांगू लागले, मराठीतच, कारण या गोष्टी मला दुसऱ्या भाषेत सांगता येत नाहीत. की त्यांना कच्च्या कैऱ्या मिठाशी खायला आवडायच्या आणि दात गेल्यावर ते त्या किसून खायचे. की ते शाळेच्या सहलीत सर्वांत पुढे चालायचे आणि परतताना सर्वांत मागे. तिच्या आजीला पाहायला गेले तेव्हा तिच्याशी न बोलता तिच्या धाकट्या भावाचा अभ्यास घेऊन परत आले, हेही सांगितले. आतून कोणीतरी मला हाक मारली; मी गेले नाही. अडलेले शब्द तिने आधी विचारले. मग विचारणे सोडून दिले आणि गुडघ्यांवर हनुवटी टेकून नुसती ऐकत राहिली.